थारचं बॉनेट, दोन शॉकअप आणि हातभर दावं

मी जनावरांची डॉक्टर. घर साताऱ्यात, पण दिवस जातो ठोसेघर, चाळकेवाडी, बामणोली आणि कासपलीकडच्या वाड्यांवर. उंची पाच फूट एक इंच. उंची आधीच सांगून ठेवते, कारण बॉनेटच्या शॉकअपबद्दल, म्हणजे बॉनेट वर उचलून धरणाऱ्या गॅसच्या नळकांड्यांबद्दल, मला सल्ले देणारे सगळे पाच-नऊ, पाच-दहाचे बाप्ये होते आणि माझी अडचण त्यांच्यापैकी एकालाही आलेली नव्हती.

गाडी २०२१ ची थार, डिझेल, हार्डटॉप. बॉनेट उघडलं की तोलायला एक लोखंडी काठी, बऱ्याचशा गाड्यांना असते तशीच. लोक विचारतात, बॉनेट उघडायची वेळ येते तरी किती? माझ्यावर रोज येते. गाडी कधी कुणाच्या गोठ्याशेजारी उभी, कधी कडब्याच्या गंजीला टेकून. पेंडीच्या वासाला आलेले उंदीर थंडीपावसात इंजिनाच्या उबेला वर चढतात. एकदा वायरिंग कुरतडून ठेवलं, तेव्हापासून सकाळी किल्ली फिरवायच्या आधी बॉनेट उघडून आत नजर टाकायची, हा माझा नेम. वर पावसाळ्यात काच धुवायचं पाणी दोन दिवसांत संपतं.

ते पाणी भरतानाच गडबड झाली. जुलै महिना, चाळकेवाडीचं पठार. साताऱ्याच्या बाहेरच्यांसाठी सांगते, या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. अडलेल्या म्हशीचं रेडकू ओढून काढून मी दमलेली, काच चिखलाने लिंपलेली. गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून बॉनेट उघडलं आणि काठी खाचेत नीट बसली की नाही हे न बघताच कॅन उचलला. समोरून झोत आला, बॉनेट इंचभर वर उचललं गेलं, काठी खाचेतून सुटली. झोत ओसरला तसं बॉनेट खाली आलं, थेट माझ्या उजव्या मनगटावर. चूक माझीच. पण त्या मनगटाने मी रोज गाईम्हशींचा गर्भ तपासते. पंधरा दिवस सगळं काम डाव्या हाताने केलं. त्या पंधरा दिवसांत शॉकअपचा विचार पक्का झाला.

पहिला सेट ऑनलाइन घेतला, ११५० रुपयांना. दोन काळ्या नळकांड्या, चार पट्ट्या, मूठभर बोल्ट आणि फोटोंची एक अंधूक झेरॉक्स. नळकांडीवर एक अक्षर छापलेलं नव्हतं. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. चार महिन्यांत उजव्या शॉकअपच्या दांड्यावर तेलाचा ओघळ दिसू लागला. ती बाजू बसली, डावीचा जोर तसाच राहिला, आणि बॉनेट मिटताना कुबड काढल्यासारखं तिरकं येऊ लागलं. तक्रार केली तर विक्रेत्याचं उत्तर, बसवलेला माल परत घेत नाही. बरं.

मग शेजारच्या अण्णांना हाक मारली. अण्णा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. आता अंगणातल्या जास्वंदीशिवाय त्यांच्या हाताला काही काम नाही, त्यामुळे मी नुसता पाना मागितला तरी ते स्वतःच येतात. त्यांनी दांडा दोन बोटांनी दाबून बघितला आणि म्हणाले, "डाक्टरीनबाई, ह्याच्यावर जोराचा आकडाच न्हाई. औषधाच्या बाटलीवर डोस लिवला नसंल तर तुमी टोचाल का?"

मुद्दा मला लगेच कळला. शॉकअपच्या नळकांडीत दाबाखाली भरलेला नायट्रोजन असतो आणि थोडं तेल. नायट्रोजनशी माझी जुनी ओळख. कृत्रिम रेतनाच्या कांड्या मी त्याच्याच द्रवात, उणे १९६ अंशांत, डबा भरून घेऊन फिरते. इथे तोच वायुरूपात दांडा बाहेर ढकलायला बसलेला. किती जोराने ढकलतो, ते नळकांडीवर न्यूटनमध्ये लिहिलेलं असायला हवं, उदाहरणार्थ २५० एन. दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलोचा जोर.

अण्णांनी बॅगा तोलायचा हुकाचा काटा आणायला लावला. बॉनेटच्या पुढच्या कडेला हूक अडकवून उचललं तर ७ किलो भरलं, म्हणजे सगळं बॉनेट अदमासे दुप्पट. मग २५० एनचे दोन, म्हणजे पन्नास किलोचा जोर कशाला? कारण शॉकअप बिजागरीच्या जवळ बसतो. दाराच्या कडेला एका बोटाने ढकललं तर दार उघडतं, बिजागरीजवळ ढकलायला खांदा लावावा लागतो, तसंच. बॉनेट मिटलेलं असताना शॉकअप जवळजवळ आडवा पडलेला असतो, त्याचा जोर वाया जातो. जसजसं वर जावं तसतसा त्याला तरफेचा फायदा मिळत जातो आणि बॉनेटचं वजन बिजागरीकडे झुकतं. म्हणून अर्ध्यापर्यंत हाताने उचलायचं, पुढे ते आपलं आपण जातं. जोर कमी पडला तर बॉनेट घसरणार. जास्त झाला तर मिटताना पत्र्यावर आणि बिजागरीवर ताण येणार आणि मागच्या कोपऱ्यातली फट वाढणार. "जास्त ताकदीचा घ्या, टिकेल" असं सांगणारा दुकानदार भेटला तर पुढच्या दुकानात जा.

दुसरा सेट पुण्याच्या एका ॲक्सेसरीवाल्याकडून, २९०० रुपयांना. दोन्ही नळकांड्यांवर २५० एन ठळक छापलेलं. पट्ट्या जाड, कापलेल्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या, बोल्टसोबत साधे आणि स्प्रिंगचे असे दोन्ही वायसर. कुठेही भोक पाडायचं नाही, गाडीत आधीच असलेल्या बोल्टांखालीच पट्टी जाते. भोक पाडायला लागणारा सेट मी घेतलाच नसता. आमच्याकडच्या पावसात उघडा पडलेला पत्रा दोन वर्षांत बिस्किटासारखा होतो.

दुकानदार म्हणाला होता, वीस मिनिटांचं काम. आम्हाला दीड तास लागला, त्यात एक चहा. दहाचा आणि तेराचा गोटी पाना, एक बारीक चपटा स्क्रू ड्रायव्हर, बास. काठी लावलेलीच ठेवायची, शिवाय एक माणूस बॉनेट धरून उभा. तो माणूस म्हणजे माझा बारावीतला मुलगा, त्याचं अर्धं लक्ष मोबाइलमध्ये. एका वेळी एकच बोल्ट सोडायचा. बिजागरीजवळचे दोन्ही बोल्ट एकदम सोडले तर बॉनेट सरकतं आणि पुन्हा सारख्या फटी जुळवण्यात दिवस जातो. बोल्ट आधी हातानेच चार आटे फिरवायचे, मग पाना. पाना लावून सुरुवात केली आणि आटे गेले, तर २९०० रुपयांचं काम कुठल्या कुठे जातं. आवळताना दहाच्या पान्याला मनगटाचाच जोर, दंडाचा नाही. जुना रंग जिथे खरवडला गेला तिथे अण्णांनी नेलपॉलिशच्या ब्रशने रंग लावला. नेलपॉलिश माझंच, वाळून गेलेलं.

एक शॉकअप मी उलटा लावला होता. बॉनेट मिटल्यावर दांडा खालच्या अंगाला आणि नळकांडी वरच्या अंगाला यायला हवी, म्हणजे आतलं तेल सीलवर, दांडा जिथून बाहेर येतो तिथल्या बुचावर, राहतं आणि सील कोरडं पडत नाही. पहिला सेट लवकर गळण्यात माझ्या अशाच हुशारीचा वाटा असू शकेल, हे विक्रेत्याच्या बाजूने सांगायला हवं. दांड्याचं टोक गोल मुंडीवर टक् करून बसतं. काढायचं असेल तर मागची क्लिप स्क्रू ड्रायव्हरने जराशी उचलायची; पूर्ण उपटली तर ती उडते, आणि उडालेली क्लिप अंगणात सापडत नाही.

पहिल्यांदा मिटताना धाडकन आपटायचं नाही. अण्णांनी स्वयंपाकघरातून कणकेचा गोळा मागवला. लिंबाएवढ्या गोळ्या करून शॉकअपच्या वाटेत जिथे जिथे काही येण्यासारखं होतं तिथे चिकटवल्या, बॉनेट हळूच टेकवलं, पुन्हा उघडलं. डावीकडे काच धुवायच्या पाण्याच्या पाइपावरची गोळी चपटी झालेली. पट्टी अर्धा सेंटिमीटर फिरवली, नवी गोळी लावली, ती शाबूत राहिली. झेरॉक्सवरच्या सगळ्या फोटोंपेक्षा ही कणीक जास्त कामाची. कुत्र्याने नंतर त्या गोळ्या खाल्ल्या.

आता माझी उंची.

काठीवर बॉनेट जेवढं उघडायचं त्यापेक्षा शॉकअप ते बरंच वर नेतात. इंजिनात वाकून बघायला फार छान, डोक्याला काही लागत नाही, उजेड चांगला येतो. पण गाडी मुळात जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंच, त्यात बॉनेटची पुढची कड आभाळात. पहिल्या दिवशी मी हात वर केला तर कडेला बोटांची फक्त टोकं लागली. टाचा उंचावून, बंपरवर पाय ठेवून, एकदा चक्क लसीच्या थर्मोकोलच्या खोक्यावर उभी राहून बॉनेट ओढलं. खोकं खचलं. ते रिकामं होतं म्हणून निभावलं. दुकानदाराला फोन केला तर तो हसला. "मॅडम, ही तक्रार पहिल्यांदाच ऐकतोय." पहिल्यांदाच ऐकली असेल. मी सेटला एक गुण कापते तो याचाच. दोन इंच आखूड दांड्याचा पर्याय किंवा खोक्यात एक साधा पट्टा दिला असता तर काय बिघडलं असतं?

शेवटी वासराच्या दाव्याचा हातभर तुकडा बॉनेटच्या आतल्या चौकटीच्या भोकातून ओवला आणि निरगाठ मारली. तो ओढला की बॉनेट अर्ध्यापर्यंत येतं, मग दोन तळहात टेकवून मिटवायचं. मिटताना दावं इंजिनाच्या पट्ट्याकडे लोंबणार नाही, इतकंच आखूड ठेवायचं, आणि टोक आत खोचलंय का ते बघायचं.

दुसरा सेट बसवून दीड वर्ष होत आलं. तेल गळलेलं नाही, फटी दोन्हीकडे सारख्या, खडबडीत रस्त्यावरही खडखडाट नाही. जानेवारीत मेढ्याकडे भल्या पहाटे कॉल असतो तेव्हा बॉनेट अर्ध्यावर थांबतं आणि वर जायला हाताचा एक धक्का मागतं. तो बिघाड नव्हे. थंडीत वायूचा दाब उतरतो. मे महिन्यातल्या ४० अंशांवरून जानेवारीतल्या ८ अंशांवर आलं की जोर दहा टक्क्यांच्या आसपास कमी होतो. दुपारी तेच बॉनेट सुळकन वर जातं. दांड्याला ग्रीस वगैरे चोपडू नका, त्यावर धूळ बसते आणि तीच सील खाते. ओल्या फडक्याने पुसलं तरी पुरतं. गाडी धुणाऱ्या पोरालाही सांगून ठेवलंय, फवाऱ्याचा जोर सीलवर धरायचा नाही.

वाऱ्याचं मात्र खोटं सांगणार नाही. शॉकअपला कुलूप नसतं. पठारावर समोरून झोत आला तर बॉनेट मागे रेटलं जातं आणि सगळा ताण त्या चार पट्ट्यांवर येतो. आता मी तिथे गाडीची पाठ वाऱ्याकडे करून उभी करते. पावसात गुरं उभी राहतात ना शेपटीकडून वारा घेऊन, तशी. ही अक्कल मला जुलैमध्येच यायला हरकत नव्हती.

सर्व्हिसिंगला गाडी टाकली तेव्हा तिथला पोरगा शॉकअप बघून खूश झाला आणि म्हणाला, "ही काठी आता काढून टाकू का? वजन कमी होईल." काठीचं वजन ते काय. मी नको म्हटलं, कारण निघताना अण्णांनी बजावलं होतं: "ग्यास हाय, कवातरी जाणारच. काठी न्हाई जात." खाली वाकून बेल्ट किंवा बॅटरीचं काम करायचं असेल तर मी शॉकअप असूनही काठी लावते. बॉनेट वर जास्त उघडत असल्याने काठी आता मूळ खाचेपर्यंत पोचत नाही, म्हणून बॉनेट जरा खाली ओढून ती बसवावी लागते, आणि हे एकटीने करताना तिसरा हात लागतो. तिसरा हात बहुधा अण्णांचा.

जुने दोन शॉकअप अजून अंगणात पडलेत. भंगारवाला दोनदा मागून गेला. गॅस कटर लावून तो त्याचे तुकडे करेल आणि आतला दाब त्याच्या तोंडावर फुटेल या भीतीने मी देत नाही. अण्णांनी त्यांना जास्वंदीच्या दोन बाजूंना आधार म्हणून रोवलंय.