चाळीस हजारांत पीसी की कन्सोल? आम्ही एक्सबॉक्स सिरीज एस घेतला

धाकट्या भावाची बारावी झाली आणि 2021 मध्ये त्याच्या गेम खेळण्यासाठी बजेट ठरलं: चाळीस हजार, वर एक रुपया नाही. तेव्हा ग्राफिक्स कार्डांचे (पीसीवर गेमची दृश्यं नीट चालवणारा भाग) भाव आभाळाला भिडलेले. दुकानदाराने त्या पैशात जो पीसी सांगितला त्यात वेगळं कार्डच नव्हतं, मॉनिटर आणि यूपीएसचा खर्च वरचा. टीव्ही घरात होताच. मग 34,990 रुपयांचा एक्सबॉक्स सिरीज एस आणला, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा मायक्रोसॉफ्टचा कन्सोल.

डबा दोन किलोही भरत नाही. रात्री सगळे झोपल्यावर भाऊ हॉलमध्ये खेळतो, पंख्याचा आवाज शेजारी बसूनही येत नाही. कंट्रोलरला दोन पेन्सिल सेल लागतात. रिचार्जेबल जोडी पहिल्याच दिवशी घ्या, नाहीतर ऐन खेळात धावपळ.

जागेचं मात्र नीट बघा. 512 जीबी लिहिलेलं असलं तरी गेमसाठी साधारण 364 जीबीच उरते. डिस्क ड्राइव्ह नाही, म्हणजे मित्राची जुनी डिस्क स्वस्तात घ्यायची सोय नाही. विकतच्या गेममध्ये ऑनलाइन खेळायचं तर सबस्क्रिप्शन वेगळं. पीसीवर ते लागत नाही.

कॉलेजचं काम, एडिटिंगही त्याच मशीनवर करायचं असेल तर थांबा, पैसे साठवा आणि पीसीच घ्या. आमच्याकडे त्यासाठी बाबांचा जुना लॅपटॉप आहे, म्हणून निभावलं.