आयसोलेट ३ की सुपर इकॉन्टा?

घडीचा जुना कॅमेरा घ्यायचा म्हटलं की मन दोन नावांत अडकतं: आग्फाचा आयसोलेट ३ आणि झाइस इकॉनचा सुपर इकॉन्टा ५३२/१६. पहिला माझा, दुसरा मामांचा. ठाण्यात दोन्ही मनसोक्त वापरलेत.

फिल्म दोघांनाही १२० नंबरची रुंद रोलचीच, फ्रेम ६×६ सेंटिमीटरची. खरा फरक फोकसमध्ये. आयसोलेटचा रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजायची सोय, लेन्सला जोडलेला नाही. अंतर मोजायचं, मग तो आकडा लेन्सच्या कड्यावर हाताने लावायचा. पहाटे मासुंदा तलावावरच्या उभ्या नावेसाठी हे पुरतं, पळत्या पोरासाठी नाही. इकॉन्टात तो जोडलेला असतो; त्यात दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर आणल्या की फोकस लागलेलाच असतो. फिल्मही फ्रेमवर आपोआप थांबते, पण त्यापायी १२ ऐवजी ११च फोटो निघतात. आयसोलेटला पाठीवरच्या लाल खिडकीतून फ्रेमचा आकडा बघत फिल्म पुढे न्यावी लागते, बाराही मात्र पदरात पडतात.

इकॉन्टाची भरपूर उजेड आत घेणारी एफ २.८ टेसार लेन्स संध्याकाळच्या उजेडात फार साथ देते. तो जड आहे, महागही. येऊरला चालत जाताना मी आयसोलेटच घेतो.

आयसोलेट घेताना भाता, म्हणजे लेन्समागचा घड्यांचा पडदा, नीट तपासा. अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च लावा. बहुतेकदा घड्यांच्या कोपऱ्यांतून उजेड झिरपतो. फोकसचं कडंही फिरवून पाहा, जुनं ग्रीस सुकून ते घट्ट बसतं. आपल्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी दोघांनाही लागते, म्हणून डब्यात सिलिका जेल हवंच.

एकच घ्यायचा असेल आणि माणसांचे फोटो काढायचे असतील, तर थोडं थांबून पैसे साठवा आणि इकॉन्टा घ्या.