डाऊन्टन ॲबी: आणि मुलींचा वाटा कुठे गेला?

उशिरा का होईना, पाहिली एकदाची. २०१० ला सुरू होऊन २०१५ च्या ख्रिसमसला संपलेली ब्रिटिश सिरियल, सहा सीझन, ५२ एपिसोड, आणि मी बघायला घेतली ती यंदाच्या पावसात, कारण जूनमध्ये फोंड्यात संध्याकाळी सातनंतर माणूस दुसरं करणार काय. सोबतीला आई. तिला इंग्लिश कळतं पण हे यॉर्कशायरवालं नाही कळत, त्यामुळे निम्मी सिरियल मी पॉज करून सांगितली आणि निम्मी तिने स्वतःच समजून घेतली, बऱ्याचदा माझ्यापेक्षा बरोबर. (स्पॉयलर भरपूर आहेत, आधीच सांगते.)

स्टोरी थोडक्यात. १९१२, टायटॅनिक बुडते, त्यात डाऊन्टन नावाच्या वाड्याचा मालक लॉर्ड ग्रँथम याचे वारस जातात. लॉर्डला तीन मुली, मुलगा नाही. इस्टेट, टायटल, वर बायको कोराने अमेरिकेतून आणलेला पैसा, सगळं एकाच गाठोड्यात बांधलेलं आणि ते जाणार पुढच्या पुरुष वारसाला, म्हणजे मँचेस्टरच्या कुणा लांबच्या भावकीतल्या वकिलाला, ज्याला हे धड ओळखतसुद्धा नाहीत. पहिला एपिसोड संपायच्या आत आईने मला थांबवलं. “आनी ह्या चलयांचो वांटो खंय गेलो?”

आता मी काय उत्तर देणार. आमच्याकडे गोव्यात पोर्तुगीज सिव्हिल कोडपासून चालत आलेला कायदा, मुलगा मुलगी सारखे, निम्म्या इस्टेटीचं मृत्युपत्रसुद्धा मनासारखं करता येत नाही कारण ती मुलांचीच, आणि लग्नात वेगळं काही लिहून ठेवलं नसेल तर अर्धं बायकोचं. म्हणजे डाऊन्टन गोव्यात असतं तर अर्धं आधीच कोराचं, उरलेल्यात मेरी, एडिथ, सिबिल, मॅथ्यू बिचारा मँचेस्टरलाच राहिला असता आणि सिरियल तासाभरात आटोपली असती. पण मग घराचं काय झालं असतं तेही आम्हालाच माहीत. आमचं मूळ घर, राजांगणवालं, त्याला आज सत्तावीस सह्या लागतात. चार मुंबईत, एक बेळगावला, एक दुबईत, दोन एकमेकांशी बोलत नाहीत. इन्व्हेंटरी, म्हणजे वाटणीची केस, कोर्टात. नळे परतायचे पैसे कोणी काढायचे यावर दर मे महिन्यात भांडण, तोवर मागचा सोपा बसलासुद्धा. त्यामुळे लॉर्ड जेव्हा म्हणतो की घर अखंड राहिलं पाहिजे, तेव्हा मला त्याचा राग येतो आणि दुसऱ्या मिनिटाला पटतंही, आणि मला वाटतं सिरियल धरून ठेवते ती इथेच, कुणाचं लग्न कुणाशी याच्यात नाही.

बरं हे सगळं ठरतं कशावर, तर साबणाच्या तुकड्यावर. पहिल्या सीझनच्या शेवटी कोराला दिवस राहतात, तिची दासी ओब्रायनला वाटतं आपली नोकरी जाणार, आणि ती रागाच्या भरात अर्धा तुटलेला साबण बाथटबच्या बाहेर पायाखाली सरकवते. मग आरशात स्वतःला बघते, परत फिरते, पण तोवर उशीर. गेलेलं बाळ मुलगा होता. एवढी मोठी इस्टेट आणि अर्धी वडी साबण! मी तो सीन रिवाइंड करून दोनदा पाहिला, काहीही दाखवत नाहीत, फक्त हात आणि चेहरा.

खालच्या मजल्यावरची मंडळी मला वरच्यांपेक्षा जास्त आवडली. पेपरला इस्त्री करतात, शाई मालकाच्या हाताला लागू नये म्हणून. घरात टेलिफोन येतो तेव्हा बटलर कार्सन खोलीत एकटाच रिसीव्हर धरून बोलायची प्रॅक्टिस करतो, तो रुबाब, तो घसा खाकरणं, आणि मध्येच लाइनवर खरीच ऑपरेटर बाई! आणि स्वयंपाकीण मिसेस पॅटमोर. डोळ्यांनी दिसेनासं झालेलं, कुणाला सांगायची सोय नाही, आणि एके दिवशी पुडिंगवर साखरेऐवजी मीठ पडतं. पाहुणा पहिलाच घास तोंडातून काढतो, आम्ही हसलो, आणि मग ती खाली रडायला लागते तेव्हा आई गप्प झाली. तिच्या माहेरी एक स्वयंपाकीणबाई होत्या, मोतीबिंदू झाल्यावर हाताने चाचपून तिखट-मीठ ओळखायच्या म्हणे. गंमत म्हणजे वरचं घर हॅम्पशायरमधलं खरं हायक्लेअर कॅसल, आणि खालचं स्वयंपाकघर लंडनच्या ईलिंग स्टुडिओतला सेट, म्हणजे ताट भरतं एका गावात आणि टेबलवर पोचतं दुसऱ्याच. बघताना जराही कळत नाही.

म्हाताऱ्या काउंटेसबद्दल, म्हणजे लॉर्डच्या आईबद्दल, सगळ्यांनी लिहिलंय, मी वेगळं काय लिहू. वीकेंड म्हणजे काय असं ती जेवणाच्या टेबलावर भाबडेपणाने विचारते ना, तिथेच मॅगी स्मिथ सगळ्यांना खिशात घालते. २०२४ मध्ये गेली ती, त्यामुळे आता तिचे सीन बघताना जरा वेगळंच वाटतं. आई तिला सरळ “आमगेली आजी” म्हणते.

आता तक्रारी. दुसरा सीझन घाईघाईत उरकलाय, पहिल्या महायुद्धातली १९१६ ची लढाई सुरू होते काय, घराचं हॉस्पिटल होतं काय, व्हीलचेअरवरचा मॅथ्यू ट्रे सांभाळायला म्हणून चक्क उभा राहतो काय, हे असलं तर आपल्या दुपारच्या मराठी सिरियलमध्येपण हल्ली करायला लाजतात. लॉर्डचा खास नोकर बेट्स, त्याचा खटला, तुरुंग, मग पुन्हा संशय, पुन्हा पोलीस, मी चहा करून आले तरी तिथेच. आणि तिसऱ्या सीझनमध्ये आधी सिबिल बाळंतपणात, मग मुलगा झाला त्याच दिवशी मॅथ्यू गाडीखाली. आईने दोन दिवस टीव्ही लावू दिला नाही.

पण मोठी तक्रार ही की लॉर्ड फारच गोड आहे. कुणी चुकलं माफ, कुणी आजारी पडलं खर्च त्याचा. आईच्या माहेरी भाट (नारळाची बागायत) होतं, माड, कुळागर (सुपारीची बाग), मुंडकार (मालकाच्या जमिनीत घर करून राहणारे), सगळं, आणि तिनेच सांगितलं की असला भाटकार, म्हणजे जमीनमालक, तिने तरी पाहिला नाही, तिचे आजोबा धरून. शेवटच्या सीझनमध्ये तो म्हातारा मेसन आहे, स्वयंपाकघरातल्या डेझीचा सासरा, आयुष्यभर जी शेती कसली ती इस्टेट विकल्यावर नवा मालक त्याला सरळ बाहेर काढतो आणि डेझी भर लिलावात आरडाओरडा करते, त्यापलीकडे तिच्या हातात काहीच नाही. आमच्याकडे १९६४ चा कूळ कायदा आला, १९७५ ला मुंडकारांचा, मेसन इथे असता तर मामलेदाराकडे अर्ज टाकून आला असता. कायद्यात जमीन गेली ती आईच्याच माहेरची, तरी डेझी ओरडायला लागली तेव्हा आई मोठ्याने म्हणाली, “बरें केलें!”

तर बघा, पाचात साडेतीन, त्यातला एक काउंटेसचा. सबटायटल लावूनच बघा. पुढचे तीन सिनेमे राहिलेत, २०१९, २०२२ आणि २०२५ चा, आईचं म्हणणं गणेश चवथीच्या आधी संपव, कारण चवथीला त्या पडक्या घरात सत्तावीसच्या सत्तावीस सह्या जेवायला येतात, न बोलणाऱ्या दोनसुद्धा, आणि पातोळ्या आम्हालाच करायच्या असतात.