तंबाखू सोडायला फोन, अनामत आणि अक्का: नऊ महिने वापरल्यानंतर

गेल्या अनंत चतुर्दशीनंतर मी तंबाखू बंद करायला तीन गोष्टी एकत्र वापरायला लागलो: फोनमधलं दिवस मोजणारं एक फुकटचं ॲप, सरकारी क्विटलाइन (तंबाखू सोडायला फोनवर सल्ला देणारी सेवा), आणि थोरल्या बहिणीकडे, म्हणजे अक्काकडे, दर आठवड्याला ठेवायची अनामत. आता मृग लागलाय, दुकानात सोयाबीनच्या बियाण्यासाठी झुंबड आहे, आणि तंबाखू बंदच आहे. सोडायचा विचार करत होतो तेव्हा मराठीत बरंच शोधलं. 'मनाचा निर्धार करा' यापलीकडे हाताला फारसं काही लागलं नाही. म्हणून कशानं किती काम केलं ते सविस्तर लिहितोय.

माझं लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात कृषी सेवा केंद्र आहे. आमच्याकडे तंबाखू हा पाहुणचाराचा भाग आहे. शेतकरी दुकानात आला की बाकावर बसतो, तळहातावर तंबाखू-चुना मळतो, दोन थापा मारतो आणि आधी समोरच्यापुढे हात करतो. नाही म्हणणं म्हणजे त्याचा मान न ठेवण्यासारखं. वीसेक वर्षं हे चाललं होतं. रोज तीस-चाळीस रुपये जायचे, म्हणजे वर्षाला बारा-तेरा हजार. मग दातांच्या डॉक्टरांनी गालाच्या आतला पांढरा चट्टा आरशात दाखवला. हा आत्ता कॅन्सर नाही, पण तंबाखू चालू राहिली तर मी याची हमी देणार नाही, असं त्या स्पष्ट म्हणाल्या.

आधी ॲपबद्दल. दिवस मोजतं, वाचलेले रुपये दाखवतं, टप्प्याटप्प्याला पदकं देतं आणि रात्री नऊला शाबासकीचा संदेश पाठवतं. रुपयांचा आकडा खरोखर कामाचा आहे. दिवाळीच्या सुमाराला तो हजारांत गेला आणि घरात सगळ्यांना दाखवावासा वाटला. पदकांचं पहिल्या पंधरवड्यात अप्रूप होतं, पुढे मी ती उघडूनही पाहिली नाहीत. नऊच्या संदेशाचा तर काडीचा उपयोग नव्हता, कारण माझी तलफ नऊला येतच नाही. ती येते सकाळच्या चहावर, दुपारच्या जेवणावर, आणि उधारीचा हिशोब करताना गिऱ्हाईक आवाज चढवतं तेव्हा. मी ॲपच्या सगळ्या सूचना बंद केल्या आणि फोनच्या साध्या घड्याळात स्वतःचे गजर लावले. गजराच्या नावात काय करायचं ते लिहिलं: 'जेवण झालं की चूळ, मग भाजलेली बडीशेप, मग गोदामात चक्कर.' पीटर गॉलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १९९९ मध्ये हेच मांडलं होतं. 'मी सोडणार' असा मोघम संकल्प करण्यापेक्षा 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं आधी ठरवून ठेवलं, तर ते हातून घडण्याची शक्यता वाढते. तलफ पाच-दहा मिनिटांत ओसरते. तेवढ्या वेळापुरतं हाताला आणि तोंडाला काम हवं असतं, आणि ते काय असेल हे त्या क्षणी सुचत नाही.

बडीशेपेच्या जागी सुपारी नको, हे मुद्दाम सांगतो. आमच्याकडे तंबाखू सोडलेले बरेच जण सुपारीवर येतात आणि सुटल्यासारखं समजतात. नुसती सुपारीसुद्धा माणसाला कॅन्सर करते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच जाहीर केलंय.

ॲपचा खरा दोष परतीच्या पावसात कळला. वीज गेली, टॉवर बंद पडला, फोनही विझला. रोजची हजेरी लागली नाही म्हणून ॲपनं माझा आकडा शून्यावर आणला. मी त्या दिवसांत एक चिमूटही घेतली नव्हती. फोन चालू झाल्यावर तो शून्य पाहिला आणि पहिला विचार आला तो असा: आता शून्यच झालंय, तर एक बार भरला काय न् नाही काय. इतके आठवडे जे सांभाळलं ते कुणीतरी पुसून टाकल्यासारखं वाटलं. दिवसांच्या माळेत ओढ असते हे खरं, पण सगळा जोर त्या माळेवरच ठेवला तर ती तुटते तेव्हा माणूसही तुटतो. ॲप बनवणाऱ्यांना एक कळकळीची विनंती आहे. एखादी हजेरी चुकली तर माणसाला विचारा, परस्पर शून्य करू नका. नेट नसलेल्या गावांत हेच ॲप वापरणारी माणसं आहेत.

त्या दिवशी मला अक्कानं सावरलं. तिच्याविषयी थोडं विस्तारानं लिहावं लागेल, कारण या सगळ्यातला सर्वात मोठा वाटा तिचा आहे.

अक्का गावातल्या महिला बचत गटाचा हिशोब बघते. दहा रुपयांचा फरक आला तरी रात्री वही मिटत नाही. अनामतीची कल्पना भाच्याची. तो पुण्यात अर्थशास्त्र शिकतो. त्यानं फिलिपिन्समधला एक प्रयोग सांगितला, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला. तिथं एका बँकेनं सिगारेट ओढणाऱ्यांना बिनव्याजी खातं उघडून दिलं. सहा महिने त्यात पैसे भरायचे, मग लघवीची निकोटीन चाचणी. पास झालात तर पैसे परत, नाहीतर ते धर्मादाय कामाला. ज्यांना हे खातं देऊ केलं त्यांच्यातले जेमतेम ११ टक्के लोक तयार झाले. तरीही ज्यांना देऊ केलं नव्हतं त्यांच्या तुलनेत सोडणाऱ्यांचं प्रमाण ३ टक्क्यांच्या अंतरानं जास्त निघालं, आणि वर्षानं न सांगता पुन्हा चाचणी घेतली तेव्हाही तो फरक टिकून होता. यामागचं मानसशास्त्र डॅनियल कानेमन आणि ॲमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं: शंभर रुपये मिळाल्याचा जेवढा आनंद होतो, त्यापेक्षा खिशातले शंभर गेल्याचं दुःख मोठं असतं. दुकान चालवणाऱ्याला हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

मी आधी म्हणालो, दर चिमटीला वीस रुपये दंड ठेवू. भाचा म्हणाला, "मामा, तसं केलं तर तुम्ही वीस रुपये मोजून निवांत चिमूट घ्याल." मग त्यानं इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांची गोष्ट सांगितली. मुलांना न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना तिथं छोटा दंड लावला, तर उशिरा येणारे वाढले. पैसे भरलेत म्हटल्यावर लाज संपली. पुढे दंड काढून घेतला तरी उशीर कमी झाला नाही. हा अभ्यास २००० सालचा.

म्हणून आम्ही असं ठरवलं. दर रविवारी मी अक्काला यूपीआयनं पाचशे रुपये पाठवायचे, सहा महिने. मध्ये तंबाखू खाल्ली तर त्या दिवसापर्यंत जमलेल्या रकमेतले निम्मे जाणार. रक्कम आठवड्यागणिक वाढत जाते, म्हणजे सुरुवातीचा उत्साह ओसरतो त्याच वेळी गमावण्यासारखं जास्त असतं. निम्मेच अशासाठी की एकदा घसरल्यावरही मागे काहीतरी उरावं, दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहायला. आणि जप्त पैसे जाणार कुठे? अक्का म्हणाली, "गणपतीच्या डीजेच्या वर्गणीत." त्या डीजेविरुद्ध मी दरवर्षी बोलतो. शेजारी आजारी म्हातारी माणसं आहेत, खिडक्या थडथडतात, लेकरं रडतात. पैसे चांगल्या कामाला गेले असते तर मी मनाची समजूत घातली असती की चला, दानधर्म झाला. इथं ती पळवाट बंद झाली. माझ्या मते अख्ख्या योजनेतली सर्वात हुशारीची गोष्ट हीच.

अक्कानं कागदावर लिहून घेतलं. तंबाखू, मिश्री, गुटखा, मावा, सुपारी. ओठात, गालात, जिभेखाली, दाताला, कुठंही. कुणाच्या आग्रहानं घेतली तरी घेतलीच. रोज रात्री जेवणानंतर तिचा फोन यायचा आणि ती एकच विचारायची, "आजचं काय?" परतीच्या पावसातल्या त्या शून्याबद्दल मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुझ्या फोनला काय माहीत? तू खाल्लीस का?" नाही म्हटलं. "मग आठवडा धरला." विषय तिथंच संपला. फोनला हजेरी कळते, खरं-खोटं कळत नाही. अक्काला माझ्या आवाजावरून कळतं, आणि तिच्याशी खोटं बोलायला माझी जीभ उचलत नाही.

क्विटलाइनचं थोडक्यात सांगतो. १८००-११-२३५६ हा नंबर तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो. इतकी वर्षं पुडी फाडताना तो फाटत होता. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. समुपदेशकांनी बंद करायची तारीख ठरवायला लावली आणि पहिल्या आठवड्यात काय काय होईल ते आधीच सांगून ठेवलं: चिडचिड, झोप मोडणं, पोट साफ न होणं. या शेवटच्या गोष्टीपायी आमच्याकडे कितीतरी लोक पुन्हा सुरू करतात. पण हा त्रास कायमचा नसतो हे आधी कळलेलं असलं की माणूस दम धरतो. माझं पोट दोन-तीन आठवड्यांत सुरळीत झालं, सकाळी कोमट पाणी आणि जेवणात काकडी-मुळा वाढवल्यावर. डॉक्टरांनी निकोटीनचं २ मिलिग्रॅमचं च्युइंग गमही दिलं होतं. ते साध्या गमसारखं चघळत सुटायचं नाही. चार-सहा वेळा चावून गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायचं, चव गेली की पुन्हा चावायचं. ही पद्धत विचारून घ्या, नाहीतर मळमळतं आणि लोक म्हणतात गमचा उपयोग नाही.

खरी परीक्षा येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला झाली. लातूर-धाराशिवकडच्या माणसाला सांगायला नको, त्या दिवशी गावं ओस आणि शेतं भरलेली. कडब्याची कोप, आत पांडवांची पूजा, मग भज्जी, बाजरीचे उंडे, आणि माठातली गार आंबील. पोटभर जेवण झालं, सगळे आंब्याखाली टेकले आणि तीन-चार तळहात एकदम सुरू झाले. उन्हात मळलेल्या तंबाखूचा वास चुन्याबरोबर चढतो तो वेगळाच. चुलत्यानं हात पुढं केला, "घे की, सणाचं काय व्हतंय चिमटीनं?" तोंडाला अक्षरशः पाणी सुटलं. खिशातला गजर वाजून गेला होता, आणि फोनला तिथं रेंजही नव्हती. अक्का चुलीपाशी खरकटं आवरत होती. ती बोलली नाही, नुसतं वर बघितलं. मी चुलत्याला म्हणालो, "काका, माझे सात-आठ हजार अडकलेत यात, अन् जायचे ते डीजेला." त्यांनी हात मागे घेतला आणि सगळी हकिकत विचारून घेतली. माणसाला 'प्रकृतीसाठी सोडली' म्हटलं तर आग्रह वाढतो. पैसे अडकलेत म्हटलं की समोरचा लगेच समजून घेतो. हे नंतर दुकानातही शेकडो वेळा उपयोगी पडलं, आणि कुणाचा मानही दुखावला नाही.

पाडव्याच्या सुमाराला सहा महिने भरले आणि अक्कानं तेरा हजार परत केले. बायकोनं त्यातून मुलीसाठी शिलाई मशीन घेतलं. मला भीती होती की अनामत संपली की पकड सुटेल. म्हणून रात्रीचा फोन बंद केला नाही, फक्त रोजचा आठवड्यावर आणला. आता तलफ क्वचित येते, पण येते. पेरणीच्या गर्दीत, बियाणं उगवलं नाही म्हणून कुणी तक्रार घेऊन आलं की जीभ अजून गालाकडे जाते. चट्टा फिकट झालाय असं दातांच्या डॉक्टरांनी मागच्या खेपेला सांगितलं. तपासणी मात्र चालू ठेवायची आहे.

हे सगळ्यांना जमेल असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत सीव्हीएस केअरमार्क या कंपनीतल्या आणि त्यांच्या ओळखीतल्या सिगारेट ओढणाऱ्यांवर २०१५ मध्ये असाच अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना नुसतं बक्षीस देऊ केलं त्यांच्यातले ९० टक्के तयार झाले. ज्यांना आधी स्वतःचे १५० डॉलर अडकवायला सांगितले, त्यांच्यातले १३.७ टक्केच. स्वतःचे पैसे पणाला लावायला लोक कचरतात, आणि हातावर पोट असलेल्या माणसानं तर लावूच नयेत. त्याच्यासाठी क्विटलाइन आणि घरातलं एखादं खमकं माणूस पुरे. ॲप घ्यायचंच तर रुपये दाखवणारं घ्या, त्याच्या सूचना बंद करा आणि गजर स्वतःचे लावा.

दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनी हे ऐकून अक्काकडे पैसे ठेवायची तयारी दाखवली. एकाचे तिनं घेतले, कागद लिहून घेतला, त्यानं जप्त पैसे जायची नावडती जागा म्हणून भाऊबंदकीत कोर्टात गेलेल्या चुलतभावाचं नाव दिलं. दुसऱ्यानं विचारलं, मध्येच गरज पडली तर मागितल्यावर परत द्याल ना? अक्का म्हणाली, "मग बँकेत ठेव की, माझ्याकडं कशाला?" आणि वही मिटून आत गेली.