धनुष्यासाठी लेझर रेंजफाइंडर: शहाद्याच्या उन्हात वापरून पाहिला

भाचा अमेरिकेत कोलोरॅडोत असतो. तिकडे सप्टेंबरात धनुष्यानं एल्कची (तिकडचं मोठं हरीण) शिकार करायचा रीतसर परवाना मिळतो आणि यंदा तो पहिल्यांदाच जाणार आहे. मे महिन्यात घरी आला तो धनुष्य आणि हा रेंजफाइंडर, म्हणजे लेझरनं अंतर मोजायचं यंत्र, घेऊनच. आपल्याकडे १९७२च्या कायद्यानं शिकार बंद, म्हणून आमचं सगळं फोमच्या ठोकळ्यावर. मी इथं पोरांना कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य, शिकवते, तेव्हा तपासणी माझ्याकडेच आली. ब्रँड लिहीत नाही. या किमतीतले सगळे एकाच माळेचे मणी.

आधी चांगलं. अंतर अचूक येतं, टेप लावून पडताळलं. उताराचा हिशेब तर झकास. तोरणमाळच्या घाटातून दरीतल्या झाडावर धरला: सरळ रेषेत ६० यार्ड (एक यार्ड म्हणजे तीन फूट), उतार ३० अंश, आणि खाली आकडा ५२. नेम ५२चाच धरायचा, कारण बाण किती पडणार ते आडव्या अंतरावर ठरतं. डोंगराळ मुलखात एवढ्यासाठीच पैसे वसूल आहेत. अंदाज चुकला तर काय होतं? सेकंदाला २८० फूट वेगाचा बाण २० यार्डला पाच यार्डांच्या चुकीनं चार बोटं खाली लागतो. ६० यार्डला तेवढ्याच चुकीनं जवळजवळ वीतभर.

आता कुरकुर. पपईच्या बागेत पुढच्या पानावरच लेझर अडकतं आणि १८ दाखवतं, बांध असतो ४५वर. खोक्यावर १००० यार्ड छापलंय ते चुना मारलेल्या भिंतीसाठी. म्हशीवर धरला तर बरंच जवळ जावं लागतं. आणि आकडे काळे! दिवेलागणीला काळ्या झाडीवर काळे आकडे कोण वाचणार? एल्क बाहेर पडतो तो नेमका पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला. लाल आकड्यांचा घ्यायला हवा होता.

पण खरा वाद झाला तो आकडा मिळाल्यावर. मैदानावर उभं राहून, दम खाऊन, ६० यार्डला त्याचे बाण कागदी प्लेटमध्ये जात होते. मग त्याला कालव्याच्या भरावावर पळत चढवलं, गुडघ्यावर बसवलं आणि एकच बाण सोडायला लावला. रोज असंच, वेगवेगळ्या अंतरावरून. चाळिसाच्या पुढे प्लेट हुकायला लागली.

"मावशी, तिकडचे लोक साठ-सत्तरवर मारतस," तो म्हणाला.

"तू सोडशी, पन एल्क थांबी का?"

६० यार्ड जायला बाणाला साधारण ०.६७ सेकंद लागतात. धनुष्याचा आवाज त्याच्या कितीतरी आधी जनावराच्या कानावर जातो. तेवढ्यात त्यानं एक पाऊल टाकलं तरी फुप्फुसाचा बाण पोटात. बाण बंदुकीसारखा धक्क्यानं मारत नाही, रक्तस्रावानं मारतो. दोन्ही फुप्फुसांतून गेला तर जनावर थोड्या वेळात पडतं, पोटात गेला तर तासन् तास तडफडत फिरतं आणि कधी सापडतही नाही. एल्कच्या हृदय-फुप्फुसाची जागा प्लेटपेक्षा मोठी, कबूल. पण पुढे खांद्याचं जाड हाड, मागे पोट. जनावर आडवं उभं असेल किंवा किंचित पाठमोरं असेल तरच बाण सोडायचा. समोर तोंड करून असेल तर २० यार्डावरही नाही. वारा असेल तर चाळीसचे तीस करायचे. हे कुठल्याच यंत्रात येत नाही, आणि माहितीपुस्तिकेत एका ओळीनंही लिहिलेलं नाही.

माझ्या पोरांना याचा उपयोग शून्य. कंपाउंडचे ५० मीटर आधीच मोजून आखलेले असतात. डोंगरात जाणाऱ्यानं घ्यावा: उताराचा हिशेब, लाल आकडे आणि पुढचं पान सोडून मागचं धरायची सोय, हे तिन्ही बघून. भाच्यानं आपल्या यंत्रावर मार्करनं ४० लिहून घेतलंय. मी ३५ म्हणत होते.