हमिंगबर्डचा फीडर, कोल्हापूरच्या शिंजिरांसाठी

लाल तबकडीचा, उलट्या बाटलीचा, पक्ष्यांना साखरपाणी पाजणारा हा फीडर अमेरिका खंडातल्या हमिंगबर्डसाठी बनवलेला. राजारामपुरीतल्या गच्चीवर येणार ते शिंजीर, म्हणजे सनबर्ड. ते क्षणभर हवेत तरंगतात, पण निवांत पितात बसूनच. म्हणून बसायला दांडी नसलेलं मॉडेल घेऊच नका. सगळे हमिंगबर्डही तरंगत पीत नाहीत. कोलंबियातल्या सांता मार्ता पर्वतातला निळ्या दाढीचा हेल्मेटक्रेस्ट उंचावरच्या पारामो गवताळ माळांवर राहतो, आणि हेल्मेटक्रेस्ट बरेचदा फुलावर पाय रोवूनच मकरंद पितात. १९४६ नंतर थेट २०१५ मध्ये पुन्हा सापडलेला, किती जपायला हवा असा पक्षी!

चार वाट्या पाण्यात एक वाटी पांढरी साखर विरघळवून गार करा. आपला गूळ कितीही उत्तम असला तरी इथे नको, मधही नको. आंबतं, बुरशी धरते. खायचा लाल रंग तर अजिबात नको. उन्हाळ्यात साखरपाणी रोज बदला.

मुख्य दोष गळतीचा. अर्धी बाटली उन्हात तापली की आतली हवा फुगते आणि तबकडीतून थेंब पडू लागतात, मग मुंग्या. सावलीत टांगा. तबकडीवरची प्लास्टिकची फुलं सुटी होत नाहीत, भोकांत काळा थर बसतो. बारीक ब्रश वेगळा घ्यावा लागेल.