मधल्या लेनमध्ये पहिले, की वेगवान लेनमध्ये शेवटचे?

बेळगावात पहाटेच्या बॅचला जलतरण तलावातल्या लेनमध्ये, म्हणजे वेगानुसार वाटलेल्या पट्ट्यांत, एकामागून एक पोहणाऱ्यांपुढे कधी ना कधी हा पेच उभा राहतो. मधल्या लेनमध्ये आपल्यापुढे कोणी उरलेले नसते आणि शेजारच्या वेगवान लेनमध्ये सर्वांच्या मागे एक जागा रिकामी दिसत असते. मी दोन्हीकडे काही महिने काढले आहेत. प्रत्येकाचे वय, दम आणि हाताची लांबी वेगळी असल्यामुळे हा एका माणसाचा अनुभव म्हणूनच वाचावा.

वेगवान लेनचा मोह खरा असतो, हे आधी मान्य करतो. पुढच्याच्या पायांमागे पोहताना पाण्याचा विरोध बराच कमी होतो, त्यामुळे एकट्याने १०० मीटरला १ मिनिट ५८ सेकंद घेणारा मी त्या लेनमध्ये जाताच १ मिनिट ५३ सेकंदांत भिंतीला हात लावू लागलो. आपण सुधारलो अशी माझी समजूत झाली आणि ती महिनाभर टिकली. ऐन लग्नसराईत माझ्या पुढचे दोघे एका आठवड्यात गैरहजर राहिले, समोर मोकळे पाणी आले आणि घड्याळ पुन्हा ५८ वर गेले. ते पाच सेकंद दुसऱ्यांचे होते.

तरीही एवढ्यावरून मी मागे आलो नसतो. मला मागे आणले ते एका क्षुल्लक वाटणाऱ्या त्रासाने. आमच्या वेगवान लेनमध्ये दर दोन मिनिटांनी १०० मीटरची नवी फेरी सुरू होई आणि पाच जण पाच-पाच सेकंदांच्या अंतराने निघत. पहिला १ मिनिट ४० सेकंदांत पोहोचून वीस सेकंद उभा राहायचा. मी पाचवा, म्हणजे त्याच्यानंतर वीस सेकंदांनी निघालेला, त्यामुळे माझा हात भिंतीला लागेपर्यंत तो पुढच्या फेरीला निघून गेलेला असायचा. मला विश्रांती मिळायची ती सहा-सात सेकंदांची, आणि तीही धुरकटलेला गॉगल पुसण्यात जायची. सेट, म्हणजे ठरवून दिलेल्या फेऱ्या, संपला की आमचे प्रशिक्षक सर पहिल्याला पाहून लगेच पुढचा सेट सांगू लागत. सर सूचना कन्नडमध्ये सुरू करून मराठीत संपवतात. फेऱ्या किती, कशा आणि किती वेळाने, हा सगळा ऐवज कन्नड भागात येतो, आणि तो मी पाण्याखाली असताना संपलेला असे. माझ्या कानावर फक्त ‘…आणि शेवटची सावकाश’ एवढेच पडायचे. काय पोहायचे आहे हे ठाऊक नसताना पुढच्याचे पाय पाहून पोहत राहणे, दोन महिने, आठवड्यातून पाच दिवस. कदाचित दुसऱ्या कोणाला याचे काही वाटणार नाही. मला ते सहन होईना.

मधल्या लेनमध्ये परतल्यावर पहिला आठवडा मानहानीचा गेला, हे लपवत नाही. परंतु पुढे राहणाऱ्याला घड्याळ पाहावे लागते, फेऱ्या मोजाव्या लागतात आणि समोर कोणाचे पाय नसल्याने वेग स्वतःच ठरवावा लागतो. दर २ मिनिटे २० सेकंदांना निघताना वीस-बावीस सेकंद हाती उरत, तेवढ्यात मागची फेरी कुठे बिघडली याचा विचार होई. पूर्वी ५० मीटरला माझे ५२ हात पडत, ते चार महिन्यांत ४७ वर आले. घाईच्या लेनमध्ये हे झाले असते असे मला वाटत नाही. या लेनचा तोटा म्हणजे डिसेंबरच्या पहाटे उघड्या टाकीत वीस सेकंद उभे राहिले की दात वाजू लागतात, आणि आपल्याला सगळे जमते आहे असा आळशी समजही होतो.

दोन प्रकारच्या पोहणाऱ्यांबाबत मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. खानापूर किंवा निपाणीकडच्या खेड्यांत पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली मंडळी पहिले ५० मीटर असे जोरात मारतात की त्यांना थेट वेगवान लेनमध्ये पाठवले जाते. दम मोजून वापरण्याची सवय नसल्याने चौथ्या फेरीला त्यांचे हाल होतात. त्यांनी मधल्या लेनमध्ये निदान एक उन्हाळा काढावा. याउलट मालवणच्या चिवला किनाऱ्यावरील समुद्र-जलतरणासारख्या स्पर्धेची तयारी करणाऱ्याने लवकर बदल केला तर मी त्याला अडवणार नाही, कारण तिथे दुसऱ्याच्या पायांमागे टिकून राहणे हेही एक कसबच आहे.

बाकीच्यांनी, माझ्या मते, थोडे उशिरा जावे. मधल्या लेनमध्ये स्वतः पुढे राहून दहा वेळा १०० मीटर पोहावे. पहिल्या आणि दहाव्या फेरीत तीन-चार सेकंदांहून जास्त फरक पडू नये आणि हे सलग तीन आठवडे जमावे. त्यानंतर सरांना विचारण्याआधी त्या लेनमधल्या पुढच्या माणसाला विचारावे, आणि शनिवारी, जेव्हा निम्मी बॅच दांडी मारते, तेव्हा जाऊन पाहावे. मी तसाच गेलो. आता चौथा असतो, भिंतीपाशी बारा-तेरा सेकंद मिळतात आणि सरांचे कन्नड जवळजवळ पूर्ण ऐकू येते. पाचव्या जागेवर सध्या एक नवा मुलगा आहे. सेट काय आहे ते तो मला विचारतो.